गुलमर्गच्या उतारावर चार दिवस

घरात चौदा-सोळा वर्षांची मुले असली की सहल ही सोपी गोष्ट राहत नाही. लहानपणी त्यांना बागेत, किल्ल्यावर, समुद्रावर कुठेही नेले तरी चालते. या वयात मात्र ती आपल्यासोबत येतात ती निम्मीच. निम्मी मोबाईलमध्ये असतात. बघण्याच्या गोष्टींनी त्यांचे मन भरत नाही, त्यांना करण्याची गोष्ट हवी असते. म्हणून दोन वर्षांपूर्वी आमच्या मुलांनी ‘एकदा बर्फावर स्कीइंग शिकायचंय’ असे म्हटले, तेव्हा आम्ही ते हसण्यावारी नेले नाही. थोरली आता अकरावीत आहे, धाकटा नववीत. दोघांचेही हे वर्ष बोर्डाचे नाही. पुढच्या वर्षी एकाची दहावी आणि एकीची बारावी. म्हणजे हेच वर्ष.

आम्ही सोलापूरचे. आमच्याकडे थंडी म्हणजे डिसेंबरात सकाळी स्वेटर घालायचे आणि दहा वाजता काढून ठेवायचे. बर्फ पाहिला तो रसवंतीतला. अशा कुटुंबाने स्कीइंगचा विचार करावा का, परवडेल का, मुलीला पाठवावे का, धोका किती, असे सगळे प्रश्न आमच्यापुढे होते. ते आपल्यापैकी अनेकांपुढे असतील, म्हणून आम्ही काय ठरवले आणि काय अनुभवले ते सविस्तर लिहीत आहोत.

गुलमर्गच का?

भारतात नवशिक्यांनी स्कीइंग शिकावे अशी मोजकीच ठिकाणे आहेत. उत्तराखंडात औली, हिमाचलात मनालीजवळचे सोलंग आणि काश्मीरमध्ये गुलमर्ग. सोलंगला मनालीचा शेजार आहे, औलीचे उतार सुंदर आहेत. पण बर्फाचा भरवसा, शिकवणारे लोक आणि भाड्याने मिळणारे सामान या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तर गुलमर्ग पुढे आहे. शिवाय आमच्यासारख्या घराला हलाल जेवणाची आणि नमाजच्या जागेची शोधाशोध करावी लागत नाही, हीही मोठी सोय.

गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात, श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, २६५० मीटर उंचीवर आहे. मूळ नाव गौरीमर्ग. सोळाव्या शतकात काश्मीरचा सुलतान युसूफ शाह चक याने त्याला गुलमर्ग, म्हणजे फुलांचे कुरण, हे नाव दिले असे सांगतात. इंग्रजांनी इथे उन्हाळी वस्ती केली, गोल्फचे मैदान केले आणि १९२७ मध्ये स्की क्लबही काढला. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था इथे साठच्या दशकाच्या अखेरीपासून आहे. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी तिच्या अभ्यासक्रमांची आधी चौकशी करावी. शिस्तीत शिकायला तो चांगला मार्ग आहे. आमच्याकडे चारच दिवस होते, म्हणून आम्ही परवानाधारक स्थानिक शिक्षक दिवसाच्या हिशेबाने घेतला.

घरातला विरोध

बेत कळल्यावर पहिला प्रश्न दादींनी केला, “काश्मीरच सापडलं का तुम्हाला?” त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरणमध्ये २६ जणांचे प्राण गेले, त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा जण होते. पर्यटकांना वाचवायला धावलेला आदिल हुसेन शाह हा घोडेवालाही त्यात गेला. हे सगळे घरात टीव्हीवर सर्वांनी पाहिले होते. आम्ही दादींना ‘काही होत नाही’ असे म्हणालो नाही. कोणती ठिकाणे उघडी आहेत, कोणती बंद, हे प्रशासनाच्या सूचनांवरून पाहू, रात्रीचा प्रवास करणार नाही आणि परिस्थिती बिघडली तर तिकिटाचे पैसे बुडाले तरी जाणार नाही, एवढे तीन शब्द त्यांना दिले. त्यावर त्या म्हणाल्या, “मग जा. पण पोरीला हात-पाय मोडून आणू नका.”

दुसरा विरोध नातेवाइकांकडून, आणि तो फक्त मुलीबद्दल होता. मुलगा शिकेल ते ठीक, मुलीला कशाला? आम्ही एवढेच म्हणालो की हौस दोघांची आहे. २०१८ मध्ये तुर्कस्तानातील स्पर्धेत स्कीइंगचे कांस्यपदक आणणारी भारताची आंचल ठाकूर ही मनालीची मुलगीच आहे. आम्हाला काही पदक आणायचे नव्हते, पण मुलीने पायथ्याशी उभे राहून भावाचे फोटो काढावेत हेही आम्हाला मान्य नव्हते.

केव्हा जावे

काश्मिरी माणूस हिवाळ्याचे तीन भाग करतो. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’, मग वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटचे दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’. सर्वाधिक थंडी पहिल्या चाळीस दिवसांत. नाताळच्या सुट्टीत गर्दी आणि दर दोन्ही वाढतात, आणि बर्फ पुरेसा पडलेला असेलच असे नाही. नवशिक्यांसाठी जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ बरा. आम्ही फेब्रुवारीचा पहिला आठवडा धरला. मुलांची शाळा-कॉलेज चार दिवस बुडाली, त्याची परवानगी आधीच लेखी घेतली.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सध्या तो याच महिन्यांत येतो आहे. रोजे ठेवून दिवसभर उतारावर घाम गाळणे जमणारे नाही, तेव्हा तारखा पाहूनच बेत करावा. दुसरी, बर्फ कुणाच्या हातात नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गला जवळपास बर्फच नव्हता आणि तिथल्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धाही पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. म्हणून रद्द करता येईल असेच हॉटेल घ्यावे.

जायचे कसे

आम्ही रेल्वेने मुंबई आणि तिथून विमानाने श्रीनगर असे गेलो. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांना रेल्वेचाही मार्ग आता पूर्ण झाला आहे. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने जम्मू, तिथून कटरा आणि कटऱ्याहून जून २०२५ पासून सुरू झालेली वंदे भारत. चिनाब नदीवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल याच वाटेवर लागतो. मात्र जाऊन-येऊन पाच दिवस धरावे लागतात.

श्रीनगरहून गुलमर्गच्या वाटेवर टंगमर्ग हे गाव लागते. इथून वर तेरा किलोमीटरचा घाट आहे. बर्फ पडलेला असेल तर साध्या गाड्या इथेच थांबवतात. चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना जोर असलेल्या स्थानिक गाड्यांतून पुढे जावे लागते. श्रीनगरच्या टॅक्सीवाल्याशी बोलतानाच ‘गुलमर्गपर्यंत की टंगमर्गपर्यंत’ हे विचारून घ्यावे.

आणखी एक महत्त्वाचे. आपल्याकडची प्रीपेड सिमकार्डे जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, फक्त पोस्टपेड चालतात. कुटुंबात निदान एक तरी पोस्टपेड क्रमांक हवा. आमच्या मुलांचे दोन्ही फोन चार दिवस मुके झाले. त्याचा फायदा काय झाला हे पालकांना सांगायला नको.

कपडे आणि सामान

स्कीइंगच्या कपड्यांचे एक सूत्र आहे: सुती कापड अंगाला लागू द्यायचे नाही. सुती बनियन घामाने ओले होते, ते वाळत नाही आणि मग अंग गारठते. आत थर्मल, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा थर आणि वर पाणी न शिरणारे जाकीट व पँट. थर्मल, हातमोजे, कानटोपी सोलापुरात आणि मुंबईत घेतले. बाहेरचे जाकीट-पँट तिथेच भाड्याने. एवढ्याशा दिवसांसाठी विकत घेण्यात अर्थ नाही. पायात एकच मोजा घालायचा, पण उंच. दोन मोजे घातले की बुटात घड्या पडतात आणि पाय सोलतो. बर्फावरचे ऊन डोळ्यांना आणि कातडीला फार लागते, म्हणून काळा चष्मा किंवा गॉगल आणि सनस्क्रीन हवेच.

मुलीसाठी आम्ही डोक्याला घट्ट बसणारा, ताणला जाणारा हिजाब घेतला. त्याला पिना नाहीत, लोंबणारी टोके नाहीत. वर हेल्मेट व्यवस्थित बसते. जाकीट गुडघ्यापर्यंत सैल. पहिल्या दिवशी आमच्या शेजारच्या उतारावर काश्मिरी मुलींचा एक गट शिकत होता, त्यांचाही पोशाख असाच होता. त्यांना पाहून आमच्या मुलीचा निम्मा संकोच तिथेच गेला.

स्की, बूट, काठ्या आणि हेल्मेट दुकानात भाड्याने मिळतात. इथे घाई करू नये. बूट घट्टच हवा. पायाची बोटे आत हलतील पण टाच वर उचलली जाणार नाही इतका. नवशिक्याची स्की साधारण हनुवटीपर्यंत उंच असावी, लांब स्की आवरत नाही. सर्वात महत्त्वाची वस्तू म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड. माणूस वेडावाकडा पडला की ती आपोआप सुटायला हवी, नाहीतर गुडघा पिरगळतो. ही पकड वजन, उंची आणि अनुभव पाहून पेचाने कमी-जास्त करतात. आम्ही पहिल्या ज्या दुकानात गेलो तिथल्या माणसाने वजन न विचारताच दोघांना सारखीच स्की दिली आणि हेल्मेट ‘बच्चों को नहीं लगता’ म्हणाला. आम्ही सलाम करून बाहेर पडलो. दुसऱ्या दुकानात म्हाताऱ्या चाचांनी मुलांना वजन विचारले, पेचकस घेऊन पकड लावली आणि बूट घालून दहा पावले चालायला लावले. भाडे थोडे जास्त होते, पण इथे घासाघीस केली नाही.

पडायला शिकणे

आमचे शिक्षक टंगमर्गच्या खालच्या गावातले, तिशीतले गृहस्थ होते. त्यांनी पहिला तास स्की घालून घसरू दिलेच नाही. आधी एका पायात स्की घालून सपाटीवर चालणे. मग दोन्ही. मग बदकासारखे फेंगडे पाय टाकत चढ चढणे. मग आडवे उभे राहून पायरी-पायरीने वर जाणे. आणि मग पडणे! “पहले गिरना सीखो,” ते म्हणाले, “एका बाजूला, बैठकीवर. हात पाठीमागे टेकवायचा नाही, मनगट जातं.” पडल्यावर स्की उताराला आडव्या करायच्या आणि मगच उठायचे, नाहीतर उठता उठता माणूस पुन्हा घसरतो.

थांबण्याची रीत म्हणजे स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची लांब. वरून पाहिले तर पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार होतो, आणि शिक्षक ‘पिझ्झा, पिझ्झा’ असेच ओरडतात. गुडघे वाकवायचे, नडगी बुटाच्या पुढच्या बाजूवर दाबायची, नजर पायाकडे नाही तर पुढे. भीती वाटली की माणूस मागे रेलतो, आणि मागे रेलला की वेग वाढतो. म्हणजे भीतीचे ऐकले तर आणखी भीतीदायक होते. हा धडा आमच्या दोन्ही मुलांना शिक्षकांनी नाही, उतारानेच दिला.

धाकटा दुपारपर्यंत पन्नास पावलांचा उतार न पडता उतरू लागला. थोरली अकरा वेळा पडली. तिने स्वतःच मोजले होते. रात्री हॉटेलवर कांगडीच्या शेकाला बसून ती म्हणाली, “उद्या मी नाही येणार. त्याला जमतंय, मला नाही.” तिला समजावण्यात आम्ही रात्र घालवली नाही. उद्या सकाळी फक्त बूट घाल, पुढचे तू ठरव, इतकेच म्हणालो.

सकाळी तिने बूट घातले. शिक्षकांनी दोघांना वेगळे केले, ही त्यांची हुशारी. भावाला दुसऱ्या शिक्षकाकडे दोरीने वर ओढणाऱ्या लिफ्टच्या उतारावर पाठवले आणि मुलीला त्याच छोट्या उतारावर ठेवून, स्वतः तिच्यासमोर उलटे घसरत, काठ्यांची टोके तिच्या हातात देऊन चार फेऱ्या केल्या. पाचव्या फेरीला काठ्या सोडल्या. ती पन्नास पावले एकटी आली, पिझ्झा करून थांबली आणि मागे वळून पाहिले तेव्हा तिलाच कळले की आपल्याला कोणी धरले नव्हते. त्या क्षणी भाऊ पाहायला नव्हता, हेच बरे झाले. ती स्वतःसाठी शिकली.

‘वर जाऊ द्या ना, अब्बा’

खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी झाली, आणि ती मुलाची नव्हे, आमची. गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे केबल कार, दोन टप्प्यांत आहे. १९९८ मध्ये सुरू झालेला पहिला टप्पा सुमारे ३०८० मीटरवरच्या कोंगडोरीला नेतो, २००५ मधला दुसरा टप्पा अफरवत डोंगराच्या खांद्यावर, सुमारे ३९५० मीटरवर. जगभरातले कसलेले स्कीपटू या दुसऱ्या टप्प्यासाठीच गुलमर्गला येतात. उतारावर भेटलेल्या एका माणसाने धाकट्याला सांगितले, ‘दोन दिन में सीख गया, चल तुझे ऊपर से लाता हूँ.’ आणि मुलगा हट्टाला पेटला.

आम्ही नाही म्हणालो. तो रुसला, जेवला नाही, ‘तुम्हाला फक्त भीतीच वाटते’ असेही बोलला. कारण मात्र आम्ही त्याला नीट सांगितले. वरचा डोंगर दाबून सपाट केलेला नसतो. तिथे हिमकडे कोसळतात. १ फेब्रुवारी २०२३ रोजी याच अफरवतच्या बाजूला हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू गेले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन. ती माणसे शिकाऊ नव्हती. दोन दिवस शिकलेल्या मुलाचे तिथे काही काम नाही. जो पैसे घेऊन नवशिक्याला वर न्यायला तयार होतो, तो शिक्षक नव्हे.

चौथ्या दिवशी आम्ही स्की खाली ठेवून सगळे पहिल्या टप्प्यापर्यंत गोंडोलाने गेलो. तिकिटे ऑनलाइन आधीच काढावी लागतात आणि लवकर संपतात. कोंगडोरीवरून मुलाने अफरवतचा तो उतार पाहिला. वरून येणारे ठिपके कसे वळत होते, किती वेगाने, हे तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “अजून खूप शिकायला लागेल.” आम्ही त्यावर काही बोललो नाही.

परतताना शिक्षकांनी त्याला आरिफ खान यांची गोष्ट सांगितली. टंगमर्गच्याच परिसरातला मुलगा. वडिलांचे गुलमर्गमध्ये स्कीच्या सामानाचे दुकान. लहानपणापासून याच उतारांवर शिकला आणि २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू म्हणून उतरला. जायंट स्लालममध्ये तो ४५ वा आला. त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, गुलमर्गचेच गुल देव कॅलगरीच्या ऑलिंपिकमध्ये खेळले होते. “पैंतालीसवां,” शिक्षक म्हणाले, “और हमने मिठाई बाँटी.”

नमाज, जेवण आणि माणसे

हिवाळ्यात दिवस लहान. उतारावरचे शिकवणे दुपारी चारच्या सुमारास आटोपते. जोहरच्या वेळी जेवणाची सुट्टी घेतली की बूट काढून वजू आणि नमाज दोन्ही सहज होतात. बाजारातल्या मशिदीत गरम पाणी मिळाले. प्रवासात कस्रची सवलत आहेच. आम्ही हनफी, कोकणातल्या शाफई कुटुंबांना दोन नमाजा एकत्र करण्याचीही मुभा असते. आपापल्या आलिमांना विचारून निघावे, म्हणजे उतारावर चर्चा नको.

सकाळी नून चाय, म्हणजे गुलाबी रंगाचा खारट चहा, आणि तंदुरातली गिर्दा रोटी. मुलांना खारट चहा मानवला नाही, कहवा मात्र फार आवडला. परतीच्या वाटेवर श्रीनगरात एक दिवस हाताशी ठेवला होता, कारण बर्फात विमाने रद्द होतात. विमान वेळेवर होते, म्हणून तो दिवस जामा मशिदीच्या देवदारी खांबांखाली आणि सकाळच्या गरम हरिस्यात गेला.

गुलमर्गला उतरताच लाकडी घसरगाड्या ओढणारे लोक भोवती जमतात. आपण वैतागतो. पण वर्षातले तीन-चार महिनेच त्यांची कमाई चालते हे लक्षात ठेवावे. दर आधी ठरवावा, नको असेल तर सरळ पण गोड शब्दांत नको म्हणावे. आम्हाला एकाही माणसाने उद्धट उत्तर दिले नाही.

खर्चाविषयी

आम्ही हा खर्च दोन वर्षांच्या भिशीतून उभा केला. सर्वात मोठा वाटा प्रवासाचा. त्यानंतर हॉटेल, गुलमर्गचे दर चढे असतात, टंगमर्गला राहिले तर बरीच बचत होते, पण सकाळचा घाट रोज करावा लागतो. तिसरा वाटा शिक्षक आणि सामानाचा. काटकसर करायची तर हॉटेलात करावी, शिक्षक, हेल्मेट आणि बूट यांत करू नये.

तीन दिवसांत कोणी स्कीपटू होत नाही. आमची मुलेही झाली नाहीत. पण पडल्यावर स्की आडव्या करून उठायचे आणि भीती वाटली की मागे न रेलता पुढे झुकायचे, हे त्यांना आता शब्दांत सांगावे लागत नाही. ज्यांची मुले या वयाची आहेत त्यांनी बोर्डाचे वर्ष टाळून, तारखा पाहून आणि मुलींना मागे न ठेवता एकदा हा बेत जरूर करावा. अल्लाहने आपल्याच देशात एवढा बर्फ दिला आहे; तो फक्त चित्रात पाहण्यासाठी नाही.